हुरड्यात गेलेला पाठ

अध्यापनविषयक अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच ते तीन या वेळेपुढे माझे नाव छापले होते. विषय होता ऊसतोडीहून परतलेल्या मुलांना वर्गात सामावून घेण्याचा. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कारखान्यांकडे गेलेली ही मुले शाळेचे वर्ष संपता संपता परततात, मागे बसतात आणि गप्प राहतात. पुढच्या वर्षी त्यांतली काही येतच नाहीत. मी त्यांच्यातलाच एक होतो. त्यांच्यासाठी नोकरीच्या अखेरच्या अकरा वर्षांत मी एक पाठ बसवला. तो माझ्याबरोबर संपू नये, एवढ्याचसाठी मानवतहून परभणीला आलो होतो. माझे वय सत्त्याहत्तर. पुन्हा बोलावणे येईल असे धरून चालता येत नाही.

पहिला दिवस सत्कारांत गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी संयोजकांनी जाहीर केले की आज जेवण येथे नाही. पिंगळीच्या पुढे एका सभासदाच्या शेतात हुरडा आहे आणि बस उभी आहे. दोन दिवसांत इतक्या टाळ्या कशालाच पडल्या नव्हत्या.

संयोजक माझे जुने विद्यार्थी. त्यांना दारातच गाठले.

“माझा पाठ?”

“तिथंच घेऊ की सर. झाडाखाली. एकदम गुरुकुल!”

शेजारचे एक प्राध्यापक म्हणाले, “सर, पाठ थांबतो, हुरडा थांबत न्हाई. आठ दिवसांत दाणा कडक झाला की संपलं.”

सगळे हसले. मी पिशवी उचलून बसमध्ये बसलो.

वाटेत अंताक्षरी झाली. सकाळी वाचनसंस्कृतीवर पाऊण तास निबंध वाचलेले प्राचार्य पुढे उभे राहून शिट्ट्या वाजवत होते. शेतात आगटी पेटलेली होती. गडी भाजलेली कणसे हातावर चोळून गरम दाणे पुढे करीत होता. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हुरडा कोवळा होता, हे मान्य करतो.

अडीच वाजता मी संयोजकांकडे गेलो. “बसा हो सर, दहाच मिनिटं.” पावणेतीनला पुन्हा गेलो, तेव्हा रस्सीखेच सुरू होती आणि ते दोराला लोंबकळत होते. तीन वाजता त्यांनी मला बाजूला घेतले.

“सर, खरं सांगू? लोक आता ऐकायच्या मूडमध्ये न्हाईत. तुमचा पाठ आपण स्मरणिकेत छापू. पूर्ण पानभर.”

“पाठ छापायचा नसतो. करून दाखवायचा असतो.”

“सर, चटणी घ्या जरा. रागावर औषध हाय.” हे मघाचेच प्राध्यापक. पुन्हा हशा.

मी पिशवी घेऊन रस्ता ओलांडला. समोर शाळा होती. चारही वर्ग एका खोलीत बसवलेले, पुढे एकच तरुण शिक्षिका. निम्मी जागा रिकामी.

“अधिवेशनाचे का सर? आमचे दोघं गुरुजी तिकडंच हायेत. ड्युटी लावून गेलेत.”

“ते समोरच्या शेतात आहेत.”

तिने खिडकीतून पाहिले. “अगं बाई. मला वाटलं, भाषणं ऐकायलेत.”

तिची एकोणीस मुले उसाला गेली होती. मी विचारले, पंचवीस मिनिटे देता का? तिने खुर्ची दिली. मी उभाच राहिलो.

पाठ साधा आहे. परतलेल्या मुलाला काय बुडाले ते विचारायचे नाही. त्याने फळ्यावर उसाचा फड काढायचा. वर्गाने प्रश्न विचारायचे आणि त्याची उत्तरे लिहून घ्यायची. त्याच्या मोळ्यांवरून गुणाकार, त्याच्या प्रवासावरून नकाशा. महिनाभर तो शिकवणारा.

“अन् लेकरू लाजलं तर?”

“तर तुम्ही चूक सांगा. मोळीत तीनच ऊस असतात म्हणा.”

तिने तसे मोठ्याने म्हटले. खिडकीशी एक मुलगी बसली होती. मागल्या वर्षी ती फडावर होती; यंदा आजीपाशी राहिली होती. शिक्षिका नंतर म्हणाली, दिवाळीपासून ती वर्गात बोललेली नव्हती.

“ओ मॅडम, तीन उसाची कुठं मोळी असती का? तेवढे तर हातातच धरतेत!”

ती उठली, खडू घेतला आणि मोळी कशी बांधतात ते काढू लागली. तेवढ्यात रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. मुले खिडकीकडे धावली. प्राध्यापक दारात आले.

“सर, चला! ग्रुप फोटो राहिलाय. मधली खुर्ची तुमच्यासाठीच ठेवलीय.”

“पाठ चालू आहे.”

“बस निघायलीय, सर.”

“निघू द्या.”

ते क्षणभर थांबले, फळ्याकडे पाहिले आणि गेले. बसही गेली. मुले जागेवर यायला बराच वेळ लागला. मुलीने चित्र पुरे केले.

शाळा सुटल्यावर मी शिक्षिकेला म्हणालो, “एप्रिलात मुले परततील तेव्हा पहिल्याच दिवशी हे करा.”

ती फळा पुसत होती, ती थांबली.

“मी कंत्राटी हाय, सर. मार्चअखेर माझी मुदत संपती.”

तिच्यावर रागावण्यासारखे काही नव्हते, आणि ज्यांच्यावर होते ते परभणीच्या वाटेवर गाणी म्हणत असणार. मी शाळेची शेरेबही मागितली. पाहुणे आणि अधिकारी तिच्यात दोन ओळींत समाधान व्यक्त करतात. ती वही कोणी फेकत नाही. मी खुर्ची ओढून बसलो आणि सबंध पाठ चार पानांवर लिहिला: प्रश्न, क्रम, कोठे थांबायचे, कोठे चूक सांगायची. मजकूर झाला. वर कोणाचे नाव घालावे ते मात्र सुचेना, कारण त्या वर्गावर तेव्हा कोण असेल हे तिला ठाऊक नव्हते आणि मलाही नाही.

शेवटी वर लिहिले: “एप्रिलात जो कोणी वर्गावर असेल, त्यास.”