तीन ताव आणि सोकिचीचं तोंड

...आणि बाळा, हे पण लिही, की किनुएची काही चूक नव्हती. सगळी चूक त्या सोकिचीच्या तोंडाची.

चाळीस वर्षं झाली दोघांच्या लग्नाला. ती पाण्यावर शाई सोडते, कागदावर नक्षी उचलते. तो त्या नक्षीत मोकळी जागा बघून तीन ओळींची कविता लिहितो. कागददेवीची पालखी डोंगरावरून उतरायच्या आत दोघांचा ताव देवळात टांगायचा, कधी खंड नाही. यंदा पालखी उद्यावर आली, आणि ओल लागून चांगले ताव उरले तीन.

किनुए पाण्यानं भरलेल्या तबकावर वाकली. एका कुंचल्यात शाई, दुसऱ्यात शाईला बाजूला सारणारं राळेचं पाणी. एक थेंब हा, एक थेंब तो, कड्यात कडं वाढत गेलं. कागदाची कड पाण्याला टेकवली, आणि हा बाबा शेजारी ओणवा होऊन लागला की धुक्याची कविता म्हणायला! "अहाहा" म्हणताना अशी फुंकर सुटली, की कागदावर उठला नुसता डाग.

"अहो, तोंड मिटा!"

"अगं, कविता ऐकली तर शाई नीट बसते."

"शाईला कान असतात होय?"

दुसऱ्या तावाला तोंड मिटलं, पण बोटं कुठं मिटली? तबकाच्या काठावर कवितेची अक्षरं मोजत बसला, टक टक टक. पाणी थरथरलं, गेला ताव.

मग तिनं त्याला अंगणात काढला, दार लावलं. तिसरा ताव एका दमात उचलला. नक्षी काय उतरली होती!

सोकिची आत आला, तोंड वाकडं. "यात धुकं कुठंय? नुसत्या वळकट्या आहेत. माझी कविता बसत नाही यावर. सहा महिने घासलीय मी ती."

"मग बदला! कागद संपला, कविता काय, तुम्हाला रोज होते."

"तुला काय दिसतं यात?"

ती वैतागलेलीच. "तुमची दुलई दिसते! रोज पहाटे लाथाडता ती."

तो खाली बसला, बोटांवर अक्षरं मोजली, आणि मोकळ्या जागेत लिहून मोकळा झाला:

लाथाडलेली
वसंतासंगे गेली
माझी दुलई

"देवीच्या दारात आपलं अंथरूण टांगणार?" किनुएनं कपाळ बडवलं. पण दुसरा ताव होता कुठं? टांगला तोच. आज सकाळपासून माणसं त्याच्यापुढं उभी राहून हसतायत, आपापल्या घरच्या दुलईच्या गोष्टी सांगतायत. आणि हा तिथंच उभा, येईल त्याला वाचून दाखवतोय.

बाळा, लिहून झालं की हा कागद देवळाकडं जाणाऱ्या कुणाच्याही हातात दे. वाचणाऱ्यानं सोकिचीला निरोप द्यायचा: किनुए म्हणते, सूप दोनदा गरम केलं, तिसऱ्यांदा करणार नाही.