बाजाराच्या दिवशी उघडणारं खातं

संशय घेणं हा माझा धंदा होता आणि त्याचा मला पगार मिळायचा. हैदराबादेत लग्न जुळवणाऱ्या एका वेबसाइटच्या कंपनीत मी होतो. आधी साइटची पानं बनवायचो, फोटो कुठं दिसेल, बटण कुठं असेल वगैरे. मग मला डेटा मायनिंगवर टाकलं. सुट्टीत गावी खजुरीला गेलो तर अप्पांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं, "म्हंजे नेमकं काय करतूस?" मी सांगितलं, लोक साइटवर कधी येतात, कुठून येतात, काय बघतात याच्या खुणा मागं राहतात. त्या चाळून लबाड माणसं हुडकायची. अप्पा पान चघळत म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात डोकवायचं काम व्हय? त्याला एवढं शिक्षण कामून लागतंय?" मला राग आला, पण खरं सांगायचं तर ते काम मला फार आवडायचं. दोन पोरांचा बाप असून स्वतःला अविवाहित म्हणवणारा एखादा महाभाग सापडला की त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

माझ्या धाकट्या बहिणीचं स्थळ मीच त्या साइटवरून काढलेलं. मुलगा भालकीकडच्या मेहकरचा, पुण्यात नोकरीला. चारही बाजूंनी चौकशी केली, मगच साखरपुडा झाला. तूर घरात आली की लग्न, असं ठरलं. तोवर मुला-मुलीनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मोबाइल तोवर घरोघर आले होते, पण आमच्या घरात एकच, आणि तो अप्पांच्या खिशात.

एक दिवस आमच्या प्रोग्रॅमनं एक खातं संशयित म्हणून वर काढलं. ते दोन ठिकाणांहून उघडलं जायचं. मेसेजच्या पानावर काहीतरी लिहून ठेवलं जायचं आणि पाठवलं मात्र कधीच जायचं नाही. असं सरळ माणूस कशाला करेल? मी फोटो उघडला. होणारे दाजी!

लिहिलेलं वाचायची आमच्या विभागाला मुभा नव्हती. कोण कधी आलं, कुठून आलं, कोणतं पान उघडलं, लिहिलं की पाठवलं, एवढंच दिसायचं. तालुक्याच्या गावांत कंपनीनं नेट कॅफेवाल्यांना एजंट नेमलेलं, त्यामुळं ठिकाणं सरळ कळली: एक पुणं आणि दुसरं आळंद, आमच्या खजुरीचं तालुक्याचं गाव. मागचे आठवडे काढून बघितले, तर आळंदहून खातं उघडायचं ते नेमक्या एकाच वारी. माझ्या तेलुगू साहेबाला त्यात नुसता एक वार दिसला असता. मला दिसला आळंदचा बाजार.

झालं, माझ्या डोक्यात सगळी गोष्ट तयार! पठ्ठ्या पुण्याहून गुपचूप बाजाराच्या दिवशी आळंदला येतो. कारण आमच्याकडं चोरून कुणाला भेटायचं तर तोच दिवस. अख्खा तालुका तिथं लोटलेला, कोण कुणाशी बोलतंय ते कोण बघतो? म्हणजे दुसरी कुणीतरी आहे. कधीकधी त्याच संध्याकाळी खातं पुण्यातही उघडलेलं दिसायचं. एवढ्या लांबून माणूस येईल कसा आणि जाईल कसा, हा विचार मी सोयीस्करपणे बाजूला ठेवला.

आता करायचं काय? अप्पांना सांगावं, तर ते पुढच्याच गाडीनं मेहकर गाठून लग्न मोडूनच परत येणार. मग मोडलेल्या साखरपुड्याची पोरगी म्हणून लोक खोट हिच्यातच शोधणार. न सांगावं आणि माझा संशय खरा निघावा, तर तिच्या जन्माचं वाटोळं. माझी झोप उडाली. शेवटी ठरवलं, त्याला रंगेहाथ धरायचा.

घरी न कळवता रजा टाकली आणि थेट आळंदला उतरलो. कॅफेसमोर मिरचीभज्यांचा गाडा होता, तिथं दबा धरून बसलो. भजी खाऊन खाऊन तोंड पोळलं. दुपारी कॅफेचा पडदा सरकला आणि तोंडाला स्कार्फ बांधलेली एक पोरगी बाहेर आली. खताच्या पोत्याची, आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, शिवलेली पिशवी मी आधी ओळखली. मग बहिणीला ओळखलं.

"अण्णा! तू हितं काय करायलास?"

"ते मी ईचारायला पायजे! आत कुणाला भेटायलीस?"

"कुणाला भेटू? आत नुसता कॅफेवाला हाय." तिनं मला ओढत गुळाच्या दुकानामागं नेलं आणि सगळं सांगितलं. साखरपुड्यातच त्यानं आपल्या बहिणीच्या हाती हिला पासवर्ड पाठवला होता. ही बाजाराला आली की त्याच्या खात्यात चार ओळी लिहून ठेवायची, तो पुण्यात वाचून खाली आपलं लिहायचा.

"मंग पाठवायलाव कामून न्हाई?"

"दिवाळीला सगळ्यांम्होरं तूच फुशारकी मारलास न्हवं, एकानं दुसऱ्याला पाठवलेलं आमच्या मशीनला कळतंय म्हणून? आमी पाठवलोच न्हाई."

छातीवरचा दगड उतरला. च्यायला, मी मोठ्यानं हसलो! ती हसली नाही. "वाचलास?" तिनं विचारलं.

"न्हाई गं. अव्वाची शपथ! नुसतं कधी उघडलं तेवढं दिसतंय."

"आन् तेवढ्यावर हैदराबादहून आलास? मला ईचारायचं तर. घरी फोन हाय की."

"फोन अप्पांच्या खिशात असतोय," मी म्हणालो.

"मंग आमी हितं कामून लिवतोय ते कळलं असंल तुला," ती म्हणाली आणि पिशवी उचलून बसकडं चालू लागली.

अप्पांना मी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. लग्न पुढं ठरल्याप्रमाणं थाटात झालं. आणि तपासलं ते चुकलं, असं मी आजही म्हणत नाही. सख्ख्या बहिणीचा प्रश्न होता, डोळे मिटून बसायला मी काय दगड आहे? पण लग्नाआधीचे ते आठवडे मला फार जड गेले. बाजाराचे दिवस आले आणि गेले, आळंदहून खातं काही उघडलं नाही. पुण्याहून मात्र रोज उघडायचं. तो मेसेजच्या पानावर यायचा, थांबायचा आणि जायचा. मला त्याची इतकी दया आली की शेवटी न राहवून घरी फोन लावला. अप्पांना म्हटलं, लग्नाच्या साड्यांचं विचारायचंय, तिला द्या.

"अगं, बाजाराला जा की," मी हळूच म्हणालो. "दोन ओळी तरी लिव. तो बिचारा रोज उघडून वाट बघायलाय. आन् भिऊ नको, मी आता बघायचं सोडलंय."

ती फोन घेऊन अप्पांपासून लांब गेली असावी. मागं गोठ्यातली म्हैस ओरडत होती.

"मंग तो रोज उघडायलाय," ती म्हणाली, "हे तुला कसं कळलं, अण्णा?"