वाळूवर तोललेली विमानवाहू नौका

ऑइलपेंटचा वास आला की मला सबाह अल-सालेम या वाळवंटी उपनगरातल्या आमच्या जुन्या फ्लॅटचे न्हाणीघर आठवते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी महायुद्धातील एका छोट्या विमानवाहू नौकेची प्रतिकृती करून ती ऑइलपेंटने रंगवली होती. मुळात ते मालवाहू जहाज. युद्धात त्यावर धावपट्टी चढवून व्यापारी जहाजांच्या ताफ्यांच्या रक्षणाला धाडले आणि युद्ध संपताच पुन्हा मालवाहतुकीला जुंपले. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी माझी नौका टबात सोडताच उलटली. "धावपट्टीच कापून टाकते," मी रडवेली होऊन म्हणाले. "मग विमानं काय तुझ्या डोक्यावर उतरवणार?" आई म्हणाली. "वर जड झालीय ती, तळाशी वजन घाल. कालच्या वादळाची वाळू पडलीय गॅलरीत, ती घे. माझं झाडणं तरी वाचेल." वाळूची पुरचुंडी तळाशी बसवली, नौका डुलली आणि सावरली. प्रदर्शनात परीक्षकांनी विचारले, "हिने किती जहाजे बुडवली?" "एकही नाही, सर. हिच्यासोबतची किती पोहोचली, ते विचारा." बक्षीस एका पाणबुडीला मिळाले. आज शुऐबा बंदरात जहाजांचा तोल तपासणे हे माझे काम आहे, आणि परीक्षकांचा तो प्रश्न मला अजूनही चुकीचाच वाटतो.