कोयत्याच्या रीलमधला माझा आवाज

मला एका रील बनवणाऱ्याने फसवलं. नगरहून आलेला, बावीस-तेवीस वर्षांचा, दाढी कोरलेला, बोलायला गोड. आणि ज्याने आयुष्यभर बाजारात भल्याभल्यांना भावात गुंडाळलं, तो मी त्याच्यासमोर हसत हसत फसलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला कुणी भोळाभाबडा समजायला नको.

माझा धंदा शेतीच्या अवजारांचा. सुरुवात केली ती सायकलवर धार लावायचं चाक बसवून. गावोगाव फिरायचं, पायडल मारत ठिणग्या उडवायच्या आणि बायकांच्या विळ्यांना धार लावून द्यायची. आज मिरजगावात माझं स्वतःचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी दुकानासमोर कोयते, विळे, खुरपी मांडतो आणि बाजूला उसाची एक मोळी ठेवतो. कोयता घेणारा आधी त्या उसावर घाव घालून बघतो. आमच्याकडे ती रीतच आहे. आणि तो बघेपर्यंत मी ओरडत असतो, "एका घावात ऊस आडवा! दुसरा घाव मागायचाच न्हाई!" ही आरोळी माझी स्वतःची. तिच्यावर मी दुकान उभं केलं.

हा पोरगा आला तो ऊसतोडीच्या आधी. म्हणाला, "काका, आवाज लय भारी आहे तुमचा. ऊसतोड मजुरांवर व्हिडिओ करतोय. तुमची आरोळी घेऊ का? जाहिरात फुकटात होईल."

मी म्हणालो, "आरोळी फुकट न्हाई. तीन कोयते घ्यावे लागतील."

त्याने एका शब्दानेही घासाघीस केली नाही. भट्टीत पोलादाला पाणी नीट न चढल्यामुळे धार न धरणारे तीन कोयते दुकानात कधीचे पडून होते, तेच मी त्याच्या गळ्यात मारले. त्याने ते उसावर मारूनही पाहिले नाहीत. उन्हात धरून मोबाईलमध्ये चमकतात का, एवढंच पाहिलं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण खराब माल खपवल्याच्या आनंदात मी दोन कप चहा सांगितला, एक त्याला, एक मला.

महिनाभराने माझ्या नातीने मला तो व्हिडिओ दाखवला. नात म्हणजे मुलीची मुलगी, नऊ वर्षांची. आईबाप दोघेही नगरला एमआयडीसीत कामाला, म्हणून ती शिकायला आमच्याकडे. शाळा सुटली की दुकानात येऊन बसते. मी तिला माझा जुना मोबाईल दिला होता. पोर मोबाईलमध्ये गुंतली की पात्यांना हात लावणार नाही, असा माझा शहाणपणा.

"आबा, तुमी व्हिडिओत आलाय!" ती नाचत आली.

मोकळ्या रानात एक माणूस गुडघ्यांवर बसलेला, हात मागे बांधलेले, गयावया करतोय. त्याच्याभोवती तिघं. तिघांच्या हातात माझे कोयते. मुठीला मी निळी पट्टी गुंडाळतो, ती मी लगेच ओळखली. आणि वर माझा आवाज: "एका घावात आडवा! दुसरा घाव मागायचाच न्हाई!" ऊस हा शब्द त्याने मधून काढून टाकला होता. मग कोयता सावकाश खाली येतो, लाल चिळकांडी उडते, ढोल वाजतो, आणि खाली लोकांनी हसून रडणारी तोंडं पाठवलेली.

कोयत्याची जखम मी पाहिली आहे. धार लावत फिरायचो तेव्हा उसाच्या एका फडात तोडणी करणाऱ्या बाईचं बोट गेलं. ती ओरडली नाही. खाली बसून पाचटात आपलं बोट शोधत राहिली. त्या दिवशी मला भाकरी गेली नव्हती.

"बंद कर ते," मी म्हणालो.

"आबा, खोटं हाय. रंग हाय तो."

"मग बगती कशाला?"

"तो लई घाबरतो ना. त्याचं तोंड बगायला मज्जा येती."

मी तिला तेवढंच बोलून सोडून दिलं, कारण समोर गिऱ्हाईक उभं होतं.

पुढच्या बाजारांना गाड्यांवरून पोरं येऊ लागली. "आबा, रीलमधला कोयता हाय का?" दोन-तीन कोयते मी विकलेही, खोटं कशाला बोलू. मग एकाने दुकानाच्या पायरीवरच मित्राच्या मानेवर कोयता फिरवल्यासारखं केलं. मित्र जीभ बाहेर काढून आडवा पडला आणि दोघेही खिदळले. मी कोयता हिसकावून घेतला.

"ऊस कुटं हाय रं तुजा?"

"ऊस तोडायला मजूर हायेत की, आबा!"

त्यानंतर उसावर घाव घालून न बघणाऱ्याला मी कोयता दिला नाही. पण तोवर गल्लीतली पोरं मला पाहिलं की माझीच आरोळी ओरडायला लागली होती, ऊस गाळून.

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार होती. सोनईकडचा एक शेतकरी डझनभर खुरप्यांसाठी माझ्याशी झुंजत होता आणि मलाही मजा येत होती. दुकानामागे पोरं खेळत होती. मध्येच नातीच्या गळ्यातून माझी आरोळी ऐकू आली, हुबेहूब माझ्याच ठेक्यात. शेतकरी हसला, "आजाचा आवाज उचललाय पोरीनं." मी पण हसलो. हो, हसलो.

आणि पाठोपाठ किंकाळी आली.

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा सहा वर्षांचा मुलगा गुडघ्यांवर होता. हात टॉवेलने मागे बांधलेले. कान वरून फाटलेला, रक्त मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. नातीच्या हातात विळा होता, धार लावायला आलेल्या ढिगातला, बोथट. बोथट होता म्हणून तो कान राहिला. दुसरी एक पोरगी मोबाईल धरून उभी.

आणि माझी नात त्या पोराला रागावून म्हणत होती, "आरं, लवकर रडला! आदी हात सोडवायची धडपड करायची हुती. परत घ्यू."

तिला त्याचा राग नव्हता. त्याला इजा करावी असंही तिच्या मनात नव्हतं. तिचा डाव बिघडला होता, एवढंच. ते रक्त तिला रंगासारखंच दिसत होतं.

मी तिच्या थोबाडीत मारली. जोरात. मोबाईल धरलेली पोरगी शूटिंग करतच होती, तिने तेही घेतलं. मोबाईल मी तिच्या हातातून ओढून दगडावर आपटला.

पोराला पाच टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर मी त्याच्या आईच्या दारात उभा राहिलो. ती मशीनच्या सुईत दोरा ओवत होती. मग म्हणाली, "आबा, माजं पोर तुमाला आजा म्हनतं. आन् त्याला बांदून मारताना तुमचाच आवाज हुता."

जन्मात पहिल्यांदा कुणाच्या दारातून मी घासाघीस न करता मागे फिरलो.

दुसऱ्या दिवशी नगरला गेलो आणि त्या रीलवाल्याला चहाच्या टपरीवर गाठला. तो खूश झाला. "काका! फेमस झालात की राव तुम्ही!"

मी त्याची कॉलर धरली आणि कान सांगितला, टाके सांगितले, सगळं सांगितलं. त्याने कॉलर सोडवली, शर्ट नीट केला. "मी काढून टाकतो, काका. पण लोकांनी उतरवून घेतलाय, आता माझ्या हातात नाही. आणि खाली लिहिलंय ना, फक्त मनोरंजनासाठी. पोरीच्या हातात मोबाईल मी दिला का?"

तो घाव बरोबर बसला. मोबाईल मी दिला, विळा माझ्या दुकानातला, थोबाडीतही मीच मारली. माझ्या वाट्याचं मी नाकारत नाही. त्या दारात जाऊन उभा राहिलो, रोज जातो. पोर माझ्याकडे येत नाही. मी दिसलो की आईच्या मागे जाऊन कान झाकतं.

पण त्या रीलवाल्याच्या वाट्याचं काय? दोन शब्द खाली लिहिले की सुटला? नात परवा मला हळूच विचारत होती, "आबा, त्याला खरंच दुखलं हुतं का?" नऊ वर्षांच्या पोरीला हे विचारावं लागतं. मी हो म्हणालो. तिला ते पटलं की नाही, तिच्या तोंडावरून कळेना.

त्या रीलवाल्याने मिरजगावला यावं. मोबाईल खिशात ठेवून त्या बाईच्या ओट्यावर बसावं, पोराचा कान जवळून पाहावा, आणि माझ्या नातीच्या प्रश्नाचं उत्तर त्याने द्यावं. मी नाही, त्याने.