आईसाठी वेगळा रेट

अल्बर्ट तुस्कानोला कधीही विचारा, "कितीला घेतलंस?" की तो आधी दिरहममध्ये सांगणार आणि लगेच रुपयांत मोठ्याने बोलून दाखवणार. शारजाच्या रोल्ला बाजारात भाजी घेतानाही तेच. बायको पामेला वैतागायची. "अरे, इथे कमावतोस, इथेच खातोस, मग वसईच्या हिशेबाने वांगी महाग कशाला करतोस?" पण वीस वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माणसाची ही खोड थोडीच जाते?

फक्त आईसाठी अल्बर्टचा रेट वेगळा होता. कॅथरीनबाई वसईजवळ गिरीजला, नातीबरोबर राहायची. मरिसा ही अल्बर्टच्या भावाची मुलगी, कॉलेजात जाणारी. महागाची वस्तू दिली की म्हातारी ती पुसून कपाटात ठेवून द्यायची. मिक्सरची खरी किंमत कळली तशी ती पुन्हा पाट्यावर वाटायला बसली, आता बोला! तेव्हापासून अल्बर्ट काहीही पाठवलं तरी सांगायचा, "ऑफरमध्ये होतं गं, साठ दिरहम, म्हणजे पंधराशे रुपये." पंखा पंधराशे, मोबाइल पंधराशे. "दुबई स्वस्त आहे हो," असं ती वाडीत सगळ्यांना सांगत सुटायची. आणि आपला हा पठ्ठ्या स्वतःवर खूश.

मग तिचे कान गेले. रविवारी फोन केला की ती एकटीच बोलायची, कोंबड्यांचं, केळीचं, चर्चमध्ये मिस्सेला कोण आलं कोण नाही त्याचं. अल्बर्ट उत्तर द्यायचा ते हवेत जायचं. शेवटी त्याने चांगल्यातलं कानाचं मशीन घेतलं. डब्यावरचं किमतीचं स्टिकर नखाने खरवडून काढलं आणि तोंडाने सांगितलं, पंधराशे.

मशीन घातल्यावर पहिल्याच फोनवर ती म्हणाली, "तुला सर्दी झालीय रे अल्बर्ट." त्याला खरंच झाली होती. त्या दिवशी तो बाल्कनीत जाऊन रडला. पुढे कित्येक महिने दोघं पोटभर बोलली. ती विचारायची, तो सांगायचा, ती हसायची. असे रविवार त्याला लहानपणीही मिळाले नव्हते.

अल्बर्टची नोकरी दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका ऑनलाइन दुकानात. बीपीची यंत्रं, व्हीलचेअर, आईला पाठवलं तसली कानाची मशीनं, असला माल गोदामात आणि विक्री सगळी वेबसाइटवर. गिऱ्हाईक ओमानपासून केनियापर्यंतचं, पण भाव सगळ्यांना दिरहममध्येच दिसायचा. लोक माल निवडायचे आणि पैसे भरायच्या आधी पळून जायचे. मॅनेजर राजन म्हणाला, "ज्याला त्याला त्याच्या पैशांत भाव दिसू दे. यल्ला, चल अल्बर्ट, या आठवड्यात खलास करून टाक."

अल्बर्टने जीव ओतून काम केलं. नुसतं भागाकार-गुणाकार करून चालत नाही. रेट रोज बदलतो, आकडा विचित्र आला तर गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून तो सरळ करून दाखवावा लागतो. सगळं जमल्यावर प्रत्येक देशातून कोणीतरी साइट उघडून बघायला हवं होतं. भारतासाठी कोण? त्याने मरिसाला लिंक पाठवली. "बेटा, नुसतं उघड आणि पहिल्या पानाचा फोटो पाठव."

पहिल्या पानावर राजनने सगळ्यात खपणारा माल लावला होता. हे अल्बर्टला ठाऊक होतं, पण कामाच्या नादात त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याचं सगळं लक्ष रुपयाची खूण नीट येते की नाही यावर.

फोटो आला. रुपयाची खूण झकास आली होती. तिच्या खाली कानाचं मशीन, एक लाख तीन हजार. अल्बर्टने लगेच फोन लावला तर मरिसा म्हणाली, "काका, मी आजीला वाचून दाखवलं. अय्या, तुझं मशीन, असं म्हटलं." आणि आजीने ते अगदी स्पष्ट ऐकलं होतं. ऐकणारच, मशीन कानातच होतं.

त्या रविवारपासून म्हातारी पुन्हा एकटी बोलायला लागली. मशीन डब्यात, डबा कपाटात, सणाच्या लुगड्याखाली. "पाण्यात पडलं तर?" एवढंच ती मरिसाला म्हणाली.

अल्बर्टला चैन पडेना. पुढच्या रविवारी त्याने मरिसाच्या विनवण्या केल्या, तेव्हा कॅथरीनबाईने मशीन घालून व्हिडिओवर यायचं कबूल केलं. अल्बर्टच्या मागे पामेला आणि मुलगा प्रेस्टन बसले होते.

"आई, तू ते घालत जा गं. पैशांचा विचार करू नकोस."

कॅथरीनबाई म्हणाली, "दोन नाताळ तू आला नाहीस. रजा मिळत नाही म्हणालास. तिघांची तिकिटं किती होतात रे? लाखभर?"



"बट डॅड, यू हॅड लीव्ह," प्रेस्टन मागून म्हणाला. पामेलाने त्याचा हात दाबला, पण बोलून झालं होतं. मुलाचं इंग्रजी म्हातारीला कळलं नसेल. अल्बर्टचा चेहरा मात्र कळला.

"तुझा आवाज ऐकू यावा म्हणून मशीन घेतलंस," ती म्हणाली, "आणि त्यापायी आला नाहीस. आला असतास तर जवळ बसून मोठ्याने बोलला असतास ना? मला तेवढं पुरलं असतं."

तिने मशीन कानातून काढलं, पदराने पुसलं आणि डब्यात ठेवलं.

तेव्हा कुठे अल्बर्टला वाचा फुटली. चुकलो म्हणाला, या नाताळला येतो म्हणाला, रजेचं खरं काय ते सांगितलं, मशीनची किंमत सांगितली, आधी दिरहममध्ये आणि मग सवयीने रुपयांत, या वेळी बरोबर. कॅथरीनबाई त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघून मान डोलावत होती.

"बरं, बरं," ती म्हणाली. "जेवून घे."