दुसरी उनी

शहाद्याच्या बसस्टँडवर एक बाई मोलगीच्या गाडीची वाट बघत बसली होती. बाकाजवळ कोणी आलं, की मांडीवरच्या लेकराला सावरायची, गाठोडं सरकवायची आणि जागा करून द्यायची. आम्हा मायलेकींनाही तिनं तशीच जागा दिली.

मुलगी नाचाच्या स्पर्धेतून थेट आलेली. वर्षभर क्लास, सुट्टीतही सराव, आणि आता गालावर काजळाचे ओघळ. मी रागात होते. तिच्याशी बोलतच नव्हते.

"पोर काबरं रडी ऱ्हायनी?" बाईनं विचारलं. घरी ती भिली बोलत असणार, पण बाजारापुरती अहिराणी तिला येत होती.

"नाचमा दुसरी उनी," मी म्हटलं.

तिचा चेहरा उजळला. "मंग लवकरच उनी ना! नाचनी नही का?"

'उनी' म्हणजे आली; तिला वाटलं, नाचाच्या जागी पोचणाऱ्यांत माझी मुलगी दुसरी होती. तिच्या पाड्यावर होळीला नाचाचा घेर तसाच वाढत जातो, येईल त्याला सामावून घेत. मी नंबर म्हणजे काय ते समजावू लागले. सांगता सांगता माझं मलाच ते ऐकवेना.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् समदास्ना मांगे जी उनी, तिले जागा भेटनी का?"

 मुलीनंच मान हलवली. "नाही. तिच्याशी कुणी बोललंसुद्धा नाही."

बाईनं स्टँडच्या फाटकाकडे पाहिलं, आणि गाठोडं अजून थोडं सरकवलं.