दोरीपलीकडची देवी

वडिलांची नोकरी परमनंट झाली, सेक्टर सहामध्ये नळाचं क्वार्टर मिळालं, तरी आम्ही कॅम्प एकच्या पत्र्याखालीच राहत होतो. आईचा नवस फिटला नव्हता. आणि तो फिटणार कसा, देवी रायपूरच्या म्युझियममध्ये होती.

त्याचं असं झालं. न्हाणीसाठी खड्डा खणताना वडिलांना बाईची आकृती कोरलेला दगड सापडला. भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता, जो तो खणतच होता. कुणाला भट्टी उभारायची होती, आम्हाला न्हाणी. आईने दगड धुतला, शेंदूर लावला आणि नवरा परमनंट झाला तर ओटी भरीन, असं बोलून टाकलं. याची कुणकुण लागून एक साहेब आले, "बहुत प्राचीन है" म्हणाले आणि देवीला जीपमध्ये घालून घेऊन गेले. त्यानंतर लवकरच वडील परमनंट झाले. वडिलांच्या मते ही फोरमनची कृपा. आईच्या मते देवीची शहरात मोठ्या लोकांत ऊठबस सुरू झाली होती.

"ओटी भरल्याबिगर मी नव्या घरात चूल मांडत नाही," ती म्हणाली. "देल्लं वापस घ्याले तिले किती वेळ लागते?"

शेवटी क्वार्टर घेत नसाल तर दुसऱ्याला देतो, असा निरोप आला आणि वडिलांनी हात टेकले. रविवारी आम्ही तिघं पॅसेंजरने रायपूरला गेलो. म्युझियमच्या दारात आईने चपला काढल्या. तिचं पाहून वडिलांनी बूट काढले आणि आमच्यामागच्या एका सुटाबुटातल्या कुटुंबानेही मुकाट्याने काढले.

राजांच्या तलवारी, नाणी, पेंढा भरलेला वाघ, आईने कुणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. देवी कोपऱ्यात, दोरीपलीकडे होती. शेंदूर घासून काढलेला.

"कुंकूसुदा नाही ठेवलं कपायावर," आई म्हणाली आणि रडू लागली. मलाही वाईट वाटलं.

खालची हिंदी पाटी मी वाचून दाखवली: दरवाजाच्या चौकटीचा तुकडा, स्त्री, ओळख नाही. वडील खूश झाले. "घे. चौकटीले नवस केला तू."

"दारातच उभी व्हती ना? मंग कोनाले अंदर घ्याचं, ते थेच ठरवन."

कारखान्याच्या गेटवर उभा असलेला माणूस काय चीज असतो, हे वडील रोज अनुभवत होते.

आईने खण-नारळ काढताच चौकीदार धावत आला. "माताजी, हाथ नहीं लगाना है." वडिलांनी आपल्या प्लांटच्या हिंदीत सगळी कथा सांगितली. त्याने एकच विचारलं, "नौकरी सच में पक्की हो गई?"

वडिलांनी गेटपास दाखवला. चौकीदाराने तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ पाहिला.

"रोज इनको मैं ही पोंछता हूँ," तो म्हणाला. "मैं तो अभी तक कच्चा हूँ." मग त्याने दोरीचा आकडा काढला आणि आमच्याकडे पाठ करून वाघाकडे बघत उभा राहिला.

आईने ओटी भरली. उठताना देवीला रागावलीही, "थो रोज तुयं आंग पुसते, त्याच्याकडे पाह्य जरा." लगेच त्याच्या नावाचा नवस बोलली, वर सावधपणे अट घातली, "पन आता माई चूल मधात नोको आनू."

"म्हंजे पुन्हा रायपूरले याचं?" वडील कळवळले.

"हा पक्का होईन तवा," आई म्हणाली. मोडक्यातोडक्या हिंदीत तिने त्याला आमचा नवा पत्ता सांगितला आणि काम झालं की एक कार्ड टाक म्हणून बजावलं.

दुसऱ्याच दिवशी सेक्टर सहात चूल पेटली. दर दसऱ्याला आई रायपूरच्या ओटीसाठी एक नारळ बाजूला काढून ठेवायची. पोस्टमन दारावरून पुढे जायचा. नारळ आतून सुकून वाजायला लागला, की ती तो फोडून चटणी करायची आणि दुसरा आणून ठेवायची.